ऊर्ध्वदिशेची मर्यादा

कार्तिकी पौर्णिमा उलटली की चातुर्मासाची सांगता होते आणि साधु-साध्वींचे विहार पुन्हा सुरू होतात. कल्याण, डोंबिवली आणि ठाणे परिसरातील लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांचा हंगामही नेमका याच सुमारास रंगात येतो. पावसाने सोललेले रस्ते कोरडे झालेले असतात, हवेत गारवा असतो आणि घाटातील दरडींचे भय कमी झालेले असते. अशा दिवसांत पहाटे रायते येथील उल्हास नदीच्या पुलावर कोणी थांबले, तर मुरबाडच्या दिशेने जाणारे दोन प्रकारचे वाटसरू त्यास दिसतील. एक, अनवाणी पावलांनी चालणारे मुनिवृंद. आणि दुसरे, डोक्यावर शिरस्त्राण व मागे लुकलुकणारा तांबडा दिवा लावलेले सायकलस्वार. दोघांनाही रस्त्याची कडाच तेवढी लाभलेली असते, दोघांचेही इंधन त्यांचा स्वतःचा देह असतो आणि पुढे सह्याद्रीची भिंत दोघांच्याही वाटेत सारखीच उभी असते.

त्या भिंतीतील आजची वाट म्हणजे माळशेज घाट. कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे, वैशाखरे, मोरोशी अशी गावे मागे टाकीत राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ हा घाट चढतो आणि पुढे ओतूर, आळेफाटा करीत अहिल्यानगरकडे निघून जातो. कल्याणपासून घाटमाथा सुमारे ८०-८५ किलोमीटर. माथ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर. मोटारीतून जाणाऱ्यास हा दोन-अडीच तासांचा, गाणी ऐकत करावयाचा प्रवास वाटतो. सायकलवरून जाणाऱ्यास मात्र त्यातील प्रत्येक मीटर स्वतःच्या श्रमाने विकत घ्यावा लागतो.

व्यापारी घराण्यांना या वाटेचे अप्रूप वाटण्याचे आणखी एक कारण आहे. वैशाखरे येथे महामार्ग सोडून डोंगराकडे वळले की नाणेघाटाची प्राचीन पायवाट सुरू होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. या बंदरात उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला आणि तेथून पैठणकडे जाई. घाटमाथ्यावर सातवाहन राणी नागनिकेचा कोरीव लेख आहे, आणि ज्यात जकातीची नाणी पडत असे सांगतात तो दगडी रांजणही आहे. जुन्नरजवळच्या लेण्याद्री येथील चैत्यगृहावर दात्याचे नाव कोरलेले आहे: कल्याणचा सुलसदत्त, हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा, पुत्र. सुमारे १८०० वर्षांपूर्वी कल्याणच्या एका सराफाच्या मुलाने घाटापलीकडे आपल्या कमाईतून दान दिले, याचा हा शिलेवरील पुरावा होय. आणखी दक्षिणेला, मावळातील पाले येथील लेण्यात महाराष्ट्रातील अतिप्राचीन जैन शिलालेख आहे. अरिहंतांना वंदन करून सुरू होणारा तो छोटासा लेख इंद्ररक्षित नावाच्या भदंताने लेणे आणि पाण्याची पोढी खोदविल्याची नोंद करतो. घाटाच्या मुलुखात येणाऱ्या-जाणाऱ्याला काय हवे असते, हे त्या दात्याने नेमके ओळखले होते: निवारा आणि पाणी.

घाट चढण्याचे शास्त्र पाहू गेल्यास ते व्यापाऱ्याच्या खतावणीहून फारसे निराळे नाही. स्वार, सायकल आणि सामान मिळून ९० किलो वजन धरले आणि ते ७०० मीटर उंच न्यायचे म्हटले, तर पदार्थविज्ञानाच्या साध्या सूत्राप्रमाणे सुमारे ६१७ किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ १५० किलोकॅलरी इतके काम होते. परंतु मानवी देह खाल्लेल्या अन्नापैकी साधारण चौथा हिस्साच पेडलवर उतरवू शकतो. उरलेले उष्णतेच्या रूपाने निघून जाते. म्हणजे केवळ उंचीसाठी सुमारे ६०० किलोकॅलरी, घरगुती भाषेत पाच-सहा ठेपले, खर्ची पडतात. सपाट रस्त्याचे अंतर आणि समोरचा वारा यांचा खर्च वेगळा, आणि तो याच्या कितीतरी पट. या ९० किलोंत सामान १५ किलो असेल, तर चढणीवरील एकूण श्रमांचा सहावा भाग केवळ सामान वाहण्यात जातो. अपरिग्रहाचे महत्त्व प्रवचनातून पटले नाही, तरी घाटाच्या तिसऱ्या वळणावर पटते.

नवशिका स्वार घाट जोरावर चढू पाहतो आणि फसतो. अनुभवी स्वार पुढचे लहान व मागचे मोठे दातेरी चक्र निवडतो. दोन्ही चक्रांचे दाते समान असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात चाकही एकच फेरा घेते आणि सायकल सुमारे २.१ मीटर पुढे सरकते. मिनिटाला ७० फेरे धरले तर वेग पडतो ताशी नऊ किलोमीटरांच्या आतच. पाहणाऱ्यास ही गती हास्यास्पद वाटते. पण या गतीने श्वास ताब्यात राहतो, गुडघ्यांवर ताण येत नाही आणि बोलता येते. चढणीवर दोन वाक्ये सलग बोलता येत नसतील तर खर्च आवकीपेक्षा वाढला आहे असे समजावे. ज्या पेढीचा रोजमेळ रोज थोडा तुटीत जातो, ती एके दिवशी अकस्मात बसल्यासारखी दिसते. वास्तविक ती रोजच बसत असते. सायकलस्वाराचेही तसेच. माथ्याच्या अलीकडे एकाएकी त्राण संपले असे तो म्हणतो, परंतु ते मुरबाडपासूनच संपत आलेले असते.

जैन घरातील तरुणासाठी या हिशेबात एक रकाना अधिक असतो, तो वेळेचा. डिसेंबर-जानेवारीत कल्याणला सूर्योदय सातच्या थोडा पुढे होतो. त्यावर ४८ मिनिटे धरली की नवकारशी येते आठच्या सुमारास. सूर्यास्त सहाच्या आसपास. चौविहार पाळणाऱ्यास म्हणजे खाण्यापिण्याला दहा तास मिळतात. लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासात ‘ब्रेव्हे’ नावाचा प्रकार प्रसिद्ध आहे. त्यात शर्यत नसते, ठरलेले अंतर ठरलेल्या मुदतीत पुरे करावयाचे असते. २०० किलोमीटरांना साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ तास, ६०० ला ४० तास. सकाळी सहाला सुरू झालेल्या २०० किलोमीटरांची मुदत संध्याकाळी साडेसातला संपते. म्हणजे व्रत पाळणाऱ्याला आरंभीचे दोन तास आणि शेवटचा तास-दीड तास पाण्याच्या घोटाविना काढावा लागेल, अन्यथा मुदतीच्या बऱ्याच आधी पोहोचण्याइतकी तयारी ठेवावी लागेल. पहाटेच्या गारव्यातील दोन तास निरोगी माणसास जड जात नाहीत. दिवसभर घाम गाळल्यानंतर संध्याकाळी पाणी वर्ज्य करून वाहनांच्या गर्दीत सायकल हाकणे मात्र धोक्याचे आहे. २०० च्या पुढील अंतरांत तर रात्रीचे चालवणे अटळच असते. तेव्हा व्रत घेणाऱ्याने अंतर बेताचे निवडावे, किंवा अंतर निवडणाऱ्याने त्या दिवसाचे पच्चक्खाण गुरुमहाराजांना विचारून बेताचे घ्यावे. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी अंगावर घेऊन अर्ध्या वाटेत दोहोंशी तडजोड करणे, यात ना धर्म आहे ना शहाणपण.

येथेच श्रावकाच्या बारा व्रतांपैकी सहाव्या व्रताची आठवण होते. दिग्व्रत म्हणजे दिशांची मर्यादा: अमुक दिशेला अमुक अंतरापलीकडे जाणार नाही, असा आधीच केलेला संकल्प. पेढ्यांचा पसारा वाढविण्याचा लोभ आवरण्यासाठी आणि हिंसेचे क्षेत्र आकुंचित ठेवण्यासाठी हे व्रत सांगितले, हे सर्वज्ञात आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात त्याचे पाच अतिचार दिले आहेत, आणि ते वाचताना ते एखाद्या अनुभवी गिर्यारोहकाने लिहिले असावेत असा भास होतो. पहिला अतिचार ऊर्ध्वव्यतिक्रम: पर्वतादिकांवर ठरविलेल्या मर्यादेपेक्षा उंच जाणे. दुसरा, खाली उतरताना मर्यादा ओलांडणे. तिसरा, आडव्या दिशांत ओलांडणे. चौथा क्षेत्रवृद्धी: एका दिशेची मर्यादा कमी करून ती दुसरीकडे जोडून घेणे. आणि पाचवा स्मृत्यंतर्धान: आपण कोणती मर्यादा ठरविली होती, याचेच विस्मरण होणे.

घाटावरील बहुतेक अनर्थ या पाचांत बसतात. समजा, माळशेजला जाऊन त्याच दिवशी परतावयाचे आहे. उत्तम तयारीचा स्वार सकाळी सहाला निघून दहाच्या सुमारास पायथ्याशी आणि साडेअकराच्या सुमारास माथ्यावर पोहोचेल. परतीचे ८०-८५ किलोमीटर उजेडात, आणि चौविहारापूर्वी घरी पोहोचून, पुरे करावयाचे तर बाराच्या ठोक्याला जेथे असेल तेथून वळणे आवश्यक. हा आकडा त्याने आदल्या रात्री घरी, शांत डोक्याने ठरविलेला असतो. प्रत्यक्षात वाटेत चाकातील हवा जाते, अर्धा तास मोडतो आणि बारा वाजता माथा दोन वळणे वर दिसत असतो. मन म्हणते, सकाळचा अर्धा तास वाया गेला, तो संध्याकाळच्या खात्यातून घेऊ. हीच क्षेत्रवृद्धी. एका खात्यातील तूट दुसऱ्या खात्यातून वळती करून भागविण्याची ही सवय व्यापाऱ्याला परिचित आहे, आणि तिचा शेवटही. त्या उसन्या अर्ध्या तासाची परतफेड अंधारात, थकलेल्या हातांनी, समोरून येणाऱ्या प्रखर दिव्यांत करावी लागते.

विस्मरणाचा अतिचार हिमालयात अधिक स्पष्ट होतो. मनाली ते लेह या चारशेहून अधिक किलोमीटरांच्या मार्गावर दरवर्षी महाराष्ट्रातील अनेक सायकलस्वार जातात. रोहतांग सुमारे ३,९७८ मीटर, बारालाचा सुमारे ४,९०० मीटर, लाचुलुंग पाच हजारांवर आणि टांगलांग ५,३०० मीटरहून अधिक, अशा खिंडी एकामागून एक येतात. टांगलांगच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायूही तितकाच कमी. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यानंतर झोपण्याच्या जागेची उंची रोज साधारण ५०० मीटरांपेक्षा अधिक वाढवू नये, हा वैद्यकशास्त्राचा दंडक आहे. जिस्पा सुमारे ३,२०० मीटरवर आणि बारालाच्यापलीकडील सरचू सुमारे ४,३०० मीटरवर. मधला मुक्काम गाळून एका दिवसात सरचू गाठणारा स्वार या दंडकाच्या दुप्पट झेप घेतो आणि पुष्कळदा रात्रभर डोके धरून बसतो. डोकेदुखी, मळमळ, झोप न येणे ही पहिली सूचना. तिच्यावर उपाय म्हणजे आणखी वर न जाणे. पावले अडखळू लागली, बोलणे असंबद्ध झाले, विश्रांती घेऊनही दम लागू लागला, तर वेळ न दवडता खाली उतरणे हाच उपचार. दुर्दैव असे की विरळ हवा प्रथम विवेकावरच घाला घालते. ज्या बुद्धीने परतण्याचा निर्णय घ्यावयाचा, तीच मंदावते. म्हणून मर्यादा घरी ठरवावी, कागदावर लिहावी आणि सोबत्याच्या हाती द्यावी. ‘मी बरा आहे’ हे रुग्णाचे म्हणणे तेथे ग्राह्य धरू नये. कर्ज मागणाऱ्याने स्वतःच स्वतःची पत ठरवावी, तसे ते होईल.

याचा अर्थ मोठे ध्येय बाळगू नये असा नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा दोघांच्या संघाने मुदतीत पूर्ण केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, वाटेत कोलोरॅडोतील सुमारे ३,३०० मीटर उंचीची वुल्फ क्रीक खिंड. दोघांचा संघ म्हणजे एकाने सायकल चालवावयाची तेव्हा दुसऱ्याने विसावा घ्यावयाचा, आणि पाळी संपली की उतरावयाचे. अंगात जोर असला तरीही. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी हीच स्पर्धा एकट्याने पार केली. सह्याद्रीतील घाट आणि विदर्भातील उन्हाळा यांवर पोसलेली माणसे खंड ओलांडू शकतात. मात्र कधी थांबायचे हे ज्यास आधीपासून ठाऊक असते, तोच दूरवर जातो.

चढ संपला म्हणजे काम संपले, असा समज असतो. चढताना देहाने उंचीच्या रूपाने जी ठेव ठेवली, ती उतारावर एकरकमी हाती येऊ लागते, आणि एकरकमी आलेला पैसा जसा सांभाळणे अवघड, तसा हा वेगही. ब्रेक सतत दाबून ठेवल्यास चाकाची कड तापते. म्हणून वळणापूर्वीच, दोन्ही ब्रेक थोडे-थोडे, सोडून-सोडून लावावे. माळशेजच्या वळणांवर डोंगरातून झिरपणारे पाणी, खडी आणि शेवाळ पावसाळ्यानंतरही काही काळ राहते. इर्यासमितीत साधूने जूभर अंतर पुढची भूमी पाहत चालावे असे सांगितले आहे. सायकलस्वाराचे जू त्याच्या वेगाप्रमाणे लांबते: दिसेल तेवढ्या अंतरात थांबता येईल इतकाच वेग ठेवणे, ही त्याची इर्यासमिती. पावसाळ्यात धबधबे पाहण्याच्या ओढीने या घाटात झुंबड उडते आणि दरडी कोसळतात त्याही त्याच दिवसांत. चार महिने एका जागी स्थिर राहण्याची आज्ञा जीवरक्षणासाठी आहे. त्यात स्वतःचा जीवही येतो, हे तरुणांनी ध्यानी घ्यावे.

आता उरतो प्रश्न घाट न चढणाऱ्यांचा, म्हणजे बहुसंख्य वाचकांचा. जुन्नर-ओतूरकडील भाजीपाला घेऊन टेम्पो पहाटे याच घाटाने कल्याणच्या बाजार समितीकडे उतरतात आणि कल्याण-भिवंडीचा माल घेऊन इतर वाहने वर चढतात. नाणेघाटातील बैलांचे तांडे जाऊन इंजिने आली, एवढाच फरक. या वाहनांतील काही आपल्याच घराण्यांची आहेत, आणि ज्यांची स्वतःची नाहीत त्यांचा माल तरी त्यांत आहे. विहारातील महात्म्यांच्या अपघातांच्या बातम्या समाजाने वारंवार वाचल्या आणि प्रत्येक वेळी शोकसभा घेतल्या. ठिकठिकाणचे तरुण पहाटे परावर्ती पट्टे घालून विहारसेवा करतात, ते स्तुत्य आहेच. परंतु कडेने चालणाऱ्याला किंवा सायकलस्वाराला अंधारात उडविणारा चालक सहसा दुष्ट नसतो. तो घाईत असतो, अपुऱ्या झोपेचा असतो, आणि ती घाई बहुधा कोणीतरी पेढीवर बसून ठरविलेली असते.

दिग्व्रत मालाच्या गाडीलाही लागू करता येते. सूर्योदयापूर्वी घाटात गाडी नसावी, चालकाची झोप झाल्याखेरीज फेरी सुटू नये, रस्त्याच्या कडेच्या माणसापासून किमान दीड मीटर अंतर सोडून आणि वळणावर मुळीच न ओलांडता गाडी न्यावी, आणि उशीर झाल्यास चालकाच्या पगारातून काही कापले जाणार नाही: एवढे चार नियम पेढीवर लिहून लावले आणि चालकाला वाचून दाखविले, तर त्यास फारसा खर्च येत नाही. माल तासभर उशिरा पोहोचेल. सुलसदत्ताने कल्याणहून घाटापलीकडे चैत्यगृह दिले, इंद्ररक्षिताने घाटाच्या मुलुखात पाण्याची पोढी दिली. या वाटेवर आजच्या व्यापाऱ्याने देण्याजोगे दान म्हणजे हा एक तास होय.